बाई, हे खरं का?

चौतीस वर्षं मी आठवी ते बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवलं. वर्गात कुणी काही नवल सांगितलं की मी एकच विचारायची, "हे कळलं कसं?" मुलं वैतागायची. एकाने तर शेवटच्या बाकावर कर्कटकाने कोरून ठेवलं होतं, 'कळलंकसं बाई'. तो बाक मी निवृत्त होईपर्यंत बदलू दिला नाही. हे सदर सोपवताना संपादकांनी "उत्तरं थोडक्यात द्या" असं बजावलं होतं. ती अट पहिल्याच महिन्यात मोडली आणि आता तेही काही बोलत नाहीत.

या खेपेला पत्रांचा गठ्ठा जाड आहे. त्यातली निम्मी पत्रं एकाच गरुडाबद्दलची, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

आदरणीय बाई, मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो. निरोप समारंभात साहेबांनी गरुडाची गोष्ट सांगितली. चाळिशीत त्याची चोच वाकते, नखं बोथट होतात. मग तो डोंगरावर जाऊन चोच खडकावर आपटून तोडतो, नवी चोच आली की तिने नखं आणि पिसं उपटतो. दीडशे दिवसांनी नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो. सगळे भारावले. घरी आल्यावर बायको म्हणाली, "काहीतरीच!" खरं काय? (नाशिक)

वहिनींचं बरोबर आहे.

ही गोष्ट मला वर्षातून पाच-सहा वेळा मोबाइलवर येते. कधी पाठीमागे सूर्योदय असतो, कधी बासरी. साधा हिशोब करा. चोच तोडलेला गरुड दीडशे दिवस खाणार काय? शिकारी पक्षी फार दिवसांचा उपास काढू शकत नाही. चोच म्हणजे आत हाड आणि वरून केराटिनचं आवरण; केराटिन म्हणजे आपली नखं ज्याची असतात तेच. आवरण नखासारखं आयुष्यभर वाढतं आणि खाताना, घासताना झिजतं. त्यामुळे टोकाचा टवका उडाला तर भरून येतो. आतलं हाड मोडलं की संपलं. पिसांचंही तसंच. गरुड ती थोडीथोडी टाकतो, दोन्ही पंखांचा तोल राखून. सगळी एकदम उपटली तर उडणार कशाने?

कळलं कसं? एक पुरावा अमेरिकेतला आहे. २००५ मध्ये अलास्कात 'ब्यूटी' नावाची एक टकल्या गरुडाची (बाल्ड ईगल) मादी सापडली. कुणीतरी गोळी घालून तिची वरची चोच उडवली होती. तिला स्वतःहून खाता येत नव्हतं, धड पाणीही पिता येत नव्हतं. माणसांनी भरवलं म्हणून ती जगली आणि २००८ मध्ये आयडाहो राज्यात तिला कृत्रिम चोच बसवावी लागली. कथेतल्या गरुडाला असं भरवणारं कुणी दिसत नाही.

दुसरा पुरावा माझ्या घरचा. संक्रांतीच्या दिवसांत पोरांनी मांज्यात गुरफटलेली एक घार शाळेत आणली. वरची चोच अर्ध्यातून तुटलेली. आमचं घर माळकरी, त्यामुळे शिपाईमामा गुपचूप कोंबडीचा खिमा आणायचे आणि मी प्रयोगशाळेतल्या चिमट्याने तिच्या घशात एकेक घास सोडायची. गुरांचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. अकराव्या दिवशी ती गेली. चोच तसूभरही वाढली नव्हती.

आणि सत्तर वर्षांचं म्हणाल, तर पायात कडं घालून सोडलेल्या टकल्या गरुडांपैकी एक अडतीस वर्षं जगल्याची नोंद आहे. १९७७ मध्ये कडं घातलेलं ते पाखरू २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात गाडीखाली सापडलं. अडतीस म्हणजे विक्रम! गोष्टीतला गरुड चाळिशीत नवा जन्म घ्यायला निघतो, तोवर खऱ्या गरुडाचं सगळं आटोपलेलं असतं.

साहेबांना हे सांगायला जाऊ नका. निवृत्तीनंतर पुन्हा चोचीला चोच कशाला.

बाई, सर्वांत जास्त जगणारा प्राणी कासव ना? आमच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तसंच आहे. (परभणी)

पाठीला कणा असलेल्या प्राण्यांपुरतं बोलायचं तर आता कासव नाही. उत्तर अटलांटिकच्या गोठवणाऱ्या पाण्यात ग्रीनलंड शार्क नावाचा एक संथ, धुरकट रंगाचा मासा आहे. वाढतो वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर, आणि सापडतो पाच मीटर लांबीचा. त्यामुळे तो म्हातारा असणार हा वहीम जुनाच होता, पण वय सांगता येत नव्हतं. इतर शार्कांच्या मणक्यांत झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, ती मोजायची. याचे मणके इतके मऊ की वलयंच नाहीत.

मग कोपनहेगन विद्यापीठातल्या यूलियस नील्सन आणि सहकाऱ्यांनी डोळा पकडला. डोळ्यातल्या भिंगाचा अगदी मधला कण पिल्लू जन्मण्याआधी तयार होतो आणि नंतर कधीच बदलत नाही. म्हणजे जन्माच्या वेळचा कार्बन तिथे बंद पेटीसारखा राहतो. १९५० नंतर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्यांचा किरणोत्सारी कार्बन समुद्रापर्यंत पोचला. ज्या शार्कच्या भिंगात तो सापडला तो त्यानंतर जन्मलेला, ज्यात नाही तो आधीचा. या खुणेच्या आधाराने त्यांनी मासेमारीच्या जाळ्यात चुकून आलेल्या २८ माद्यांची वयं काढली. सगळ्यांत मोठीचं वय आलं ३९२ वर्षं, अधिक-उणे १२०. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं.

बातम्यांत ३९२ छापून आलं आणि ते अधिक-उणे गळालं. माझा जीव त्यातच अडकलेला असतो. ३९२ धरलं तर ही मादी जन्मली तेव्हा शिवनेरीवर महाराजांचा जन्म व्हायला अजून पाच-सहा वर्षं होती. कमीत कमी धरलं तर पहिल्या बाजीरावाची कारकीर्द संपून तीन-चार वर्षं झालेली. कमीतलं वय घेतलं तरी तुमच्या पुस्तकातली ओळ खोडावी लागते. वयात यायलाच या माद्यांना दीडशेच्या आसपास वर्षं लागतात. म्हणजे सत्तावनच्या बंडाच्या वेळी जन्मलेली मुलगी आता कुठे लग्नाला आली.

बाई, लांडोर मोराचे अश्रू पिऊन गाभण राहते असं आजी सांगते. उंट पाठीच्या वशिंडात पाणी भरून ठेवतो. शहामृग वाळूत डोकं खुपसतो. यातलं खरं किती? (एक आतेभाऊ आणि एक मामेभाऊ, बार्शी. आमची पैज लागली आहे.)

पैज दोघेही हरलात असं समजा, कारण तिन्ही खोटं. मोर-लांडोरीचं मीलन इतर पक्ष्यांसारखंच होतं. २०१७ मध्ये राजस्थानातल्या एका न्यायाधीशांनी अश्रूंचीच कथा पत्रकारांना सांगितली होती, तेव्हा आजीला एकटीला दोष देऊ नका. वशिंडात चरबी असते. उंट पाणी पितो ते मात्र खरोखर अचाट, पंधरा मिनिटांच्या आत शंभर लिटरच्या घरात. एवढं पाणी एकदम रक्तात उतरलं तर तुमच्या-माझ्या रक्तपेशी फुटतील. उंटाच्या लांबट, अंडाकृती असतात, त्या फुगून टिकतात. शहामृग जमिनीत खड्डा करून अंडी घालतो आणि ती चोचीने उलटीपालटी करतो, तेव्हा लांबून डोकं वाळूत गेल्यासारखं दिसतं.

बाई, मी सातवीत आहे. एका प्राण्याची शी चौकोनी असते असं मी वर्गात सांगितलं तर सगळे हसले आणि सरांनी मला बाहेर उभं केलं. तुम्हीच सांगा. (सांगोला)

बाळा, तू बरोबर आहेस. हा अंक सरांच्या टेबलावर ठेव, पण नम्रपणे.

तो प्राणी वॉम्बॅट. ऑस्ट्रेलियात राहतो, दिसायला अस्वलाचं पिल्लू आणि घूस यांच्या मधला, कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेला. पिशवीचं तोंड मात्र मागच्या बाजूला. तो सारखा बिळं उकरतो ना, तोंड पुढे असतं तर उकरलेली माती पिल्लाच्या अंगावर गेली असती. त्याच्या लेंड्या खोबऱ्याच्या वडीसारख्या असतात. चांगल्या कापलेल्या वडीसारख्या, सहा बाजूंच्या. एका रात्रीत शंभरेक टाकतो. आपल्या हद्दीच्या खुणा म्हणून दगडांवर, ओंडक्यांवर ठेवतो. चौकोनी असल्याने त्या गडगडत नसाव्यात, असा अंदाज लोक सांगतात.

आता कळलं कसं ते ऐक, कारण खरी मजा तिथेच आहे. लोकांना वाटायचं की बाहेर पडायची जागाच चौकोनी असेल, शेवेच्या साच्यासारखी. तसं नाही, ती गोलच असते. अमेरिकेत पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांनी, टास्मानियात गाडीखाली मेलेल्या वॉम्बॅटांची आतडी मागवली. तिथल्या विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी ती पाठवली. आतडं सुमारे दहा मीटर लांब, आणि अन्न त्यातून आठवडा-दोन आठवडे सरकत राहतं, त्यामुळे पार सुकून जातं. त्यांनी त्या आतड्यात लांबोडका फुगा घालून फुगवला. तुलनेला डुकराचं आतडं घेतलं. डुकराचं सगळीकडे सारखं ताणलं गेलं. वॉम्बॅटचं तसं नाही. शेवटच्या भागात त्याच्या घेरात दोन पट्टे ताठ आणि दोन सैल असतात. ताठ भाग झटकन आकसतो, सैल भाग सावकाश. असं हजारो वेळा दाबलं जाता जाता सुकत चाललेल्या मळाला कोपरे येतात. म्हणजे मऊ नळीत चौकोन घडवला जातो, साचा न वापरता. या कामाला २०१९ मध्ये इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. तुझ्या वर्गात पहिला भाग झाला, दुसरा व्हायचा आहे.

याच दोघांना सहकाऱ्यांसह २०१५ मध्येही ते मिळालं होतं. तीन किलोच्या वरच्या सस्तन प्राण्यांना, हत्ती असो की शेळी, लघवीला साधारण सारखाच वेळ लागतो, सरासरी २१ सेकंद. मोठ्या प्राण्याचं मूत्राशय मोठं, पण नळीही लांब आणि रुंद, त्यामुळे वजनानेच धार जोरात लागते. हे वाचल्यावर मी शेजारच्या गोठ्यात घड्याळ घेऊन उभी राहिले. म्हशीला २४ सेकंद लागले. शेजारच्या काकूंना लागलेला धक्का वेगळाच.

बाई, पावसाळा संपता संपता आमच्या गच्चीवर चतुरांचे थवेच्या थवे येतात. एका सकाळी पाहावं तर एकही नाही. एवढे सगळे एकदम मरतात का? (लोणावळा)

लहानपणी आम्ही चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला 'हेलिकॉप्टर' म्हणून उडवायचो. दोऱ्याचं टोक हातात धरून मी परसात धावल्याचं आठवतं. तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा वाटलं, मी कुणाला अडवून ठेवत होते!

मरत नाहीत, निघून जातात. कुठे, त्याचा शोध लागला मालदीवमध्ये. चार्ल्स अँडरसन हे सागरी जीवशास्त्रज्ञ १९८३ पासून तिथे काम करत होते. दर ऑक्टोबरात बेटांवर लाखो चतुर अवतरतात हे त्यांना दिसायचं. बेटांवरच्या लोकांना त्यात नवल नव्हतं, येतातच ते. अँडरसनना मात्र राहवेना. चतुराची अंडी आणि अळ्या गोड्या पाण्यात वाढतात. मालदीव म्हणजे पोवळ्यांची बेटं, तिथे उघड्यावर गोडं पाणी जवळजवळ नाहीच. मग हे जन्मले कुठे?

त्यांनी तारखा लिहायला सुरुवात केली. कुठल्या बेटावर पहिला चतुर कोणत्या दिवशी दिसला, एवढंच. अशी वर्षानुवर्षं. नोंदी मांडल्यावर ओळ दिसली. आधी दक्षिण भारतात, मग मालदीवच्या उत्तरेकडच्या बेटांवर, मग दक्षिणेकडच्या, नोव्हेंबरात सेशेल्समध्ये, पुढे आफ्रिकेच्या अंगाला. म्हणजे ही पाच सेंटिमीटरची, कागदासारख्या पंखांची मंडळी भारतातून उडून समुद्र ओलांडत होती. एक अडचण उरली. ऑक्टोबरात मालदीवला जमिनीलगतचा वारा उलटा, पश्चिमेकडून येतो. त्याचं उत्तर वर होतं. हजार मीटरच्या वर गेलं की वारा ईशान्येकडून वाहतो. चतुर त्या मजल्यावरून जातात. आपला मान्सून माघारी फिरतो, पावसाचा पट्टा आफ्रिकेकडे सरकतो, आणि ते पट्ट्यामागोमाग जातात, कारण जिथे पाऊस तिथे डबकी, आणि जिथे डबकी तिथे अंडी. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर, असा हिशोब अँडरसननी २००९ मध्ये मांडला. एक चतुर सगळा फेरा करत नाही. चार पिढ्या लागतात. गच्चीवर आलेल्या चतुराची पणजी कदाचित त्याच वाटेने निघाली असेल.

तुम्ही लोणावळ्याच्या, म्हणून पुढचं सांगते. चतुर गेले की नोव्हेंबर-डिसेंबरात आकाशाकडे लक्ष ठेवा. अमूर ससाणे दिसतील, कबुतराहून लहान, दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे. रशिया, मंगोलिया आणि चीनच्या उत्तरेतून निघून ते दक्षिण आफ्रिकेला जातात आणि वाटेत अरबी समुद्र न थांबता ओलांडतात. समुद्रावर खातात काय? हवेत त्यांच्याच वाटेने चाललेले चतुर, असा अँडरसन यांचा कयास.

हे ससाणे निघण्याआधी नागालँडमध्ये दोयांग धरणाजवळ लाखोंनी थांबतात. २०१२ मध्ये पांगती गावात मासे धरायची जाळी झाडांना टांगून ते एका हंगामात लाखाहून जास्त मारले गेले असा अंदाज होता. चित्रफीत बाहेर आली, देशभर ओरड झाली. गावच्या मंडळींनी, चर्चने, वनखात्याने बैठका घेतल्या आणि पुढच्या हंगामात, २०१३ मध्ये, तिथे एकही ससाणा मारला गेला नाही. त्याच नोव्हेंबरात तीन पक्ष्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमचे उपग्रह-यंत्र बसवून सोडलं. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. ज्यांनी जाळी लावली त्यांच्याच गावाचं नाव घेऊन एक मादी आफ्रिकेला गेली. वर्षभरात एवढं पालटलेलं गाव माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

तुम्ही यंदा गच्चीवर तारीख लिहून ठेवा. चतुर पहिल्यांदा कधी दिसले, शेवटचे कधी. वही साधी चालेल.

बाई, नमस्कार. केळी आणि माडाची रोपं मिळून बागेचं सगळं नुकसान हत्तींनी केलंय. कुणी म्हणतं, मधाच्या पेट्या लावा, हत्ती मधमाशीला भितो. एवढा मोठा हत्ती? (दोडामार्ग)

भाऊ, तुमच्या भागात कर्नाटकातून हत्ती उतरायला लागले ते २००२ पासून. तेव्हापासून तुम्ही लोक रात्री जागताय, आणि मी इथे पंख्याखाली बसून उत्तर देणार, तेव्हा उगीच मोठं आश्वासन देत नाही.

भितो हे खरं. कातडी जाड असली तरी सोंडेच्या आतला भाग आणि डोळ्यांभोवतीची जागा नाजूक असते, मधमाश्या तिथेच डसतात. केनियात संशोधकांना आधी एवढंच दिसलं होतं की पोळं लागलेल्या बाभळीच्या झाडांना हत्ती हात, म्हणजे सोंड, लावत नाहीत. मग लुसी किंग यांनी चिडलेल्या माश्यांच्या गुणगुणीचं नुसतं ध्वनिमुद्रण हत्तींच्या कळपाजवळ वाजवलं. बहुतेक कळप पळाले. पळताना ते एक विशिष्ट घुमारा काढतात, आणि तो घुमाराच दुसऱ्या कळपाला ऐकवला तर माश्या नसताना तोही मागे सरतो. त्यावरून त्यांनी कुंपण केलं. शेताभोवती दर दहा मीटरवर एक पेटी टांगायची, सगळ्या पेट्या तारेने जोडायच्या. हत्तीने तार लोटली की पेट्या हलतात आणि माश्या बाहेर येतात. मध मिळतो तो वर.

पण केनियातली माशी फार तापट. आपल्याकडे पेटीत बसते ती सातेरी, स्वभावाने गरीब. आग्या तापट, पण ती पेटीत राहत नाही. शिवाय हत्ती येतो रात्री, तेव्हा माश्या पेटीत शांत असतात. कर्नाटकात कोडगू जिल्ह्यात खादी आयोगाने २०२१ मध्ये हत्तींच्या वाटांवर पेट्या लावून पाहिल्या. तुम्ही लावणार असाल तर तिथल्या शेतकऱ्यांशी आधी बोला, आणि नुसत्या पेट्यांच्या भरवशावर राहू नका. पंचनामा मात्र त्याच दिवशी करून घ्या. उद्यावर टाकलेला पंचनामा कसा होतो, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

तुमच्याच पत्राच्या मागे तुमच्या मुलीने पेन्सिलीने विचारलंय, "हत्तींचं स्मशान असतं का?" तिला सांगा, नसतं. पण असं का वाटलं तेही सांगा. हत्तीला दाढांचे सहा संच येतात, एक झिजला की मागून दुसरा सरकत पुढे येतो. साठीच्या आसपास सहावा झिजतो, सातवा नाही. मग म्हातारा हत्ती मऊ गवत मिळेल अशा दलदलीकडे, पाण्याकडे सरकतो आणि बरेचदा तिथेच संपतो. एकाच जागी हाडं दिसली की माणसं गोष्ट रचतात.

बाई, ओडिशाचं कासव आमच्या गुहागरला अंडी घालायला आलं म्हणे. एवढा समुद्र असताना? आणि ते ओडिशाचंच हे कशावरून? (गुहागर)

शाब्बास! 'कशावरून' विचारणारा वाचक मिळाला.

वल्ह्यासारख्या पुढच्या पायावर धातूची छोटी पट्टी होती, तिच्यावर ०३२३३ हा आकडा. ऑलिव्ह रिडले जातीच्या त्या मादीला ही पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये ती तुमच्या वाळूत अंडी घालताना सापडली. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं तोवर समजत आलो होतो. तशी शंकेची पाल आधीच चुकचुकली होती. २०२३ मध्ये गुहागरहूनच पाठीवर उपग्रह-यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली होती. यंत्र सबंध रस्ता दाखवतं, पट्टी फक्त दोन टोकं. पण पट्टीला बॅटरी लागत नाही, ती चार वर्षं टिकली. आणि रात्री वाळूत बसलेल्या कासवाच्या पायाकडे विजेरी वळवून आकडा वाचणारा माणूस तिथे होता, म्हणून हे कळलं.

दिशा त्यांना कळते ती पृथ्वीच्या चुंबकत्वावरून. अमेरिकेत केनेथ लोमन यांनी कासवाच्या पिल्लांना टाकीत पोहायला सोडून भोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदललं, तशी पिल्लांनी पोहण्याची दिशा बदलली.

जागा संपत आली. दोन पत्रं पुढच्या महिन्यावर ढकलते: जिराफ वाकून पाणी पिताना त्याला घेरी का येत नाही (मालेगाव), आणि ऑक्टोपसला तीन हृदयं कशाला (मुलुंड).

अकोल्याच्या ज्या वाचकाने 'हा कोणता किडा, बाई?' असं लिहून काडेपेटीत नमुना पाठवला, त्यांना उत्तर इथेच देते. वाटेत त्याचा चुरा झाला. भिंगाखाली पाहिलं, पाय सहा मोजता आले. म्हणजे कीटक. पण मूळचे आठ असून दोन वाटेत गळाले असतील, तर कोळीसुद्धा असू शकेल. पुढच्या वेळी जिवंत असताना फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, आणि त्याला सोडून द्या.